ट्यूनर बॉक्सात आहे, मॉनिटरला दोष कशाला?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गणपतीच्या आठ दिवस आधी आमच्या टीव्हीवर उजवीकडे एक हिरवी उभी रेघ आली. दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारी आणखी चार आल्या आणि तिसऱ्या दिवशी अर्धा पडदा पांढराफटक पडला. मेकॅनिकने दारातूनच निदान केलं, ''पॅनल गेलं. दुसरं बसवण्यात अर्थ नाही, जवळजवळ नव्या टीव्हीचेच पैसे जातील.'' एवढ्या वाक्याचे त्याने दोनशे रुपये घेतले.

आम्ही लालबागला चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. गणपतीत खाली अख्खी मुंबई लोटते, पण माझ्या नव्वदीच्या सासूबाईंना आता जिना उतरवत नाही. त्यामुळे हाकेच्या अंतरावरची विसर्जन मिरवणूक त्या टीव्हीवर बघतात. ढोल आधी खिडकीतून ऐकू येतो आणि काही सेकंदांनी पडद्यावर वाजताना दिसतो. या गमतीची त्यांना इतकी सवय झाली आहे की, ढोल ऐकू आला की त्या म्हणतात, ''थांब, आत्ता येईल.'' तेव्हा गणपतीच्या आत काहीतरी करणं भाग होतं.

घरात दोन मॉनिटर पडून होते. एक लेकीच्या इंजिनीअरिंगच्या वेळचा, सतरा इंची, माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळलेला. दुसरा बावीस इंची, भाचा पुण्याला गेला तेव्हा ''मावशी, ठेव, लागला तर वापर'' म्हणून देऊन गेलेला. दोन्ही उत्तम चालतात. म्हटलं, नवा टीव्ही घेण्यापेक्षा यातलाच एक लावू. मी हे बोलून दाखवलं आणि मला तीन माणसांनी एकच उत्तर दिलं.

दादरचा टीव्हीचा दुकानदार म्हणाला, ''मावशी, मॉनिटरवर केबल दिसत नाय. आत ट्यूनर नसतो.'' आमच्या केबलवाल्याचा पोरगा म्हणाला, ''काकू, ट्यूनर लागतो.'' आणि आमचे हे, ज्यांनी फ्यूजसुद्धा आजवर स्वतः बदललेला नाही, तेही पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, ''अगं, ट्यूनर नसतो त्यात.''

मी १९७९ साली टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागले. ट्रंक बोर्डावर बसून कॉर्डचा प्लग या भोकातून त्या भोकात घालण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे कुठली वायर कुठे जाते आणि जोडणी नक्की कुठे होते, हा प्रश्न मला आपोआप पडतो. टेलिफोनचं रिसीव्हर कानाला लावायचं, बस. ठाण्याची लाइन आणि नाशिकची लाइन वेगळी काढणं हे काम रिसीव्हरचं नव्हतं, आमचं होतं. मग केबलच्या बाबतीत हे काम कोण करतं?

ट्यूनर म्हणजे काय ते माझ्या पिढीला खरं तर सांगायला नको. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं तेव्हा मी शाळेत होते. टीव्ही चाळीत एकाच घरी होता. त्याला बोटभर जाड बटण असायचं, फिरवलं की खट-खट वाजायचं. एक जण गच्चीवर अँटेना फिरवायचा, एक गॅलरीतून ओरडायचा, ''आलं का?'' आणि आतून उत्तर यायचं, ''मुंग्याच!'' हवेतून येणाऱ्या सगळ्या लहरींतून आपल्याला हवी ती तेवढी निवडून घ्यायची, हे त्या खट-खट बटणामागच्या ट्यूनरचं काम. पुढे केबल आली तेव्हाही तसंच. एका जाड काळ्या वायरीतून सगळी चॅनेलं एकत्र यायची, प्रत्येक आपापल्या फ्रिक्वेन्सीवर. ती वायर थेट टीव्हीच्या मागे खुपसायची आणि टीव्हीतला ट्यूनर एकेक निवडून दाखवायचा. तेव्हा कुणी मॉनिटरवर केबल लावायला गेलं असतं, तर दुकानदाराचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. त्यासाठीच त्या काळी ट्यूनर कार्ड आणि मॉनिटरला लावायचे ट्यूनरचे डबे लॅमिंग्टन रोडला ढिगाने मिळायचे.

पण मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ च्या मध्यरात्रीपासून ती व्यवस्था बंद झाली. मुदत आधी ३० जूनची होती, ती वाढवून ऑक्टोबरअखेर केली होती. त्यानंतर घरोघरी सेट टॉप बॉक्स आले. आता काळी वायर टीव्हीला लागतच नाही, ती बॉक्सला लागते. चॅनेल निवडायचं, त्याचं कुलूप उघडायचं, दाबून बारीक केलेलं चित्र पुन्हा उलगडायचं, ही सगळी कामं तो बॉक्स करतो आणि तयार चित्र दुसऱ्या वायरीने पुढे ढकलतो. म्हणजे एक्स्चेंज बॉक्सात आलं आणि टीव्हीचं झालं नुसतं रिसीव्हर.

याचा पुरावा कुणाच्याही घरात सापडेल. दोन रिमोट शेजारी शेजारी ठेवून बघा. आमच्या बॉक्सच्या रिमोटवरचे ५ आणि ७ पुसून गेलेत, मधलं बटण खाली बसलंय, मागचं झाकण रबर बँडने धरलंय. टीव्हीच्या रिमोटवरचे सगळे आकडे मात्र दुकानातून आणल्यासारखे कोरे करकरीत. इतक्या वर्षांत ते कुणी दाबलेलेच नाहीत. टीव्हीतला ट्यूनर २०१२ पासून आमच्याकडे बसून पगार खात होता.

हे ध्यानात आल्यावर मी कामाला लागले. सगळं सुतासारखं सरळ झालं असं मात्र नाही. कुठे अडलं तेही सांगते, म्हणजे दुसऱ्या कुणाचे हेलपाटे वाचतील.

आमचा बॉक्स साधा, जुना. मागे पिवळं, लाल आणि पांढरं अशी तीन भोकं. पिवळ्यातून चित्र, बाकी दोन्हींतून आवाज. माळ्यावरच्या मॉनिटरला निळं, पंधरा पिनांचं व्हीजीए. कोपऱ्यावरच्या दुकानात एका टोकाला पिवळी पिन आणि दुसऱ्या टोकाला व्हीजीए अशी नुसती वायर मिळाली. मी खुशीत घेऊन आले, लावली, पडदा काळाच. पन्नास रुपये पाण्यात.

ती वायर चालणारच नव्हती. पिवळ्या पिनेतून येणारं चित्र जुन्या टीव्हीच्या मापाचं असतं: सेकंदाला २५ चित्रं, प्रत्येकात ६२५ ओळी, म्हणजे सेकंदाला १५,६२५ ओळी. व्हीजीए मॉनिटर सुरुवातच करतो एकतीस हजारांच्या पुढे. शिवाय पिवळ्या वायरीत सगळे रंग एकत्र कालवलेले असतात आणि मॉनिटरला लाल, हिरवा, निळा वेगवेगळ्या पिनांवर लागतात. नुसत्या तांब्याच्या तारेला हे जमत नाही. मध्ये एक डबी लागते, कन्व्हर्टर, तिला स्वतःचा ॲडाप्टर असतो.

मग ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठला. तिथे एका अरुंद दुकानातल्या मुलाने माझं सगळं ऐकून घेतलं, स्टुलावर चढला आणि वरच्या फळीवरून धुळीने माखलेला एक डबा काढला. जुना ट्यूनरचा डबा! मी म्हटलं, ''अरे, मला ट्यूनर नकोय म्हणून तर एवढी आले.'' तो म्हणाला, ''आजी, याचा ट्यूनर मेलाय असं समजा. मागचं पिवळं भोक जिवंत आहे.'' त्याचं बरोबर होतं. केबलची वायर थेट घेण्याची त्या डब्याची विद्या मुंबईत २०१२ मध्येच संपली, पण पिवळ्यातून आलेलं चित्र मॉनिटरच्या मापाचं करून द्यायचं काम तो अजून करतो. साडेतीनशे रुपयांत दिला, आणि आधी स्वतःच्या काउंटरवर चालवून दाखवला. ज्या गोष्टीशिवाय चालणार नाही असं तिघांनी सांगितलं होतं, ती मी अखेर विकत आणली, पण तिचं मुख्य अंग निकामी असलेली.

चित्र आलं. थोडं मऊ, अक्षरांच्या कडा दुधात भिजल्यासारख्या, पण आलं. आता सतरा इंची जुना मॉनिटर जवळजवळ चौकोनी आणि हल्लीची चॅनेलं आडवी, त्यामुळे सह्याद्रीवरच्या सातच्या बातम्या देणारी निवेदिका एकदम उंच आणि कृश दिसू लागली. सासूबाई म्हणाल्या, ''ही पोरगी आजारी होती का गं?'' बॉक्सच्या सेटिंगमध्ये 'लेटरबॉक्स' केल्यावर वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या आणि तिची तब्येत सुधारली.

पण सतरा इंचांवर पट्ट्या सोडून उरतं काय? पलंगावरून सासूबाईंना खालची अक्षरं वाचता येईनात. म्हणून भाच्याचा बावीस इंची काढला. त्याला एचडीएमआय, म्हणजे चित्र आणि आवाज एकाच वायरीने घेणारं भोक आहे, पण आमच्या बॉक्सला ते नव्हतं. केबलवाल्याकडून पैसे भरून एचडी बॉक्स घेतला. पोरगा बॉक्स लावून गेला, पण एचडीएमआयची वायर त्याच्या पिशवीत नव्हती. ती मी आणली. दोन्ही टोकं बसवली, आता येणार म्हणून सगळे पलंगावर बसलो, आणि मॉनिटरवर निळ्या चौकटीत इंग्रजी पाटी फिरू लागली, 'आउट ऑफ रेंज'.

इथे खरी मेख आहे, म्हणून सविस्तर लिहिते. पुष्कळ बॉक्स कारखान्यातून १०८० आय या मापावर लावून येतात. यातलं 'आय' म्हणजे आधी एकाआड एक ओळी आणि मग मधल्या राहिलेल्या, असं अर्धं अर्धं पाठवलेलं चित्र. टीव्ही ते मुकाट्याने जुळवून घेतो. काही कॉम्प्युटर मॉनिटरांना ते रुचत नाही, त्यांना अख्खं चित्र लागतं. आमच्याकडे भारतात चित्र सेकंदाला ५० च्या ठेक्यावर येतं आणि काही मॉनिटर फक्त ६० चाच ठेका धरतात, ती आणखी एक भानगड. अर्ध्या-अर्ध्या चित्रावर उपाय सोपा आहे: बॉक्सच्या मेनूत जाऊन १०८० आयचं ७२० पी, म्हणजे अख्ख्या चित्राचं माप करायचं. पण मेनू दिसणार कुठे? चित्र येत नाही म्हणून सेटिंग बदलता येत नाही आणि सेटिंग बदलत नाही म्हणून चित्र येत नाही.

शेवटी मी बॉक्स काखोटीला मारला आणि गॅलरीतून चार खोल्या पलीकडच्या शेजारणीकडे गेले. तिच्या टीव्हीला लावला, मेनू दिसला, ७२० पी केलं, बॉक्स परत आणला. मॉनिटरने निमूट चित्र दिलं. झाडाची पानं मोजावीत इतकं स्वच्छ. मेल्या त्या टीव्हीवर असं कधी दिसलं नव्हतं. पुढे कळलं की काही रिमोटांवर हे माप बदलायचं वेगळं बटणच असतं. आमच्या रिमोटवर नाही.

राहता राहिला आवाज. या मॉनिटरला स्पीकर नाहीत. बॉक्सच्या लाल-पांढऱ्या भोकांतून लेकीच्या जुन्या कॉम्प्युटर स्पीकरना जोड दिली. दोनातला एक स्पीकर मी सासूबाईंच्या उशाशी ठेवला आहे. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून पूर्वी आवाज एवढा मोठा असायचा की शेजारच्या खोलीतले आमच्याच बातम्या ऐकायचे. आता हळू लावूनही त्यांना नीट ऐकू जातं. हा फायदा आम्हाला कुठल्याही नव्या टीव्हीने दिला नसता.

आणखी दोन गोष्टी. शेजारच्या मुलाने माझं बघून बॉक्सची एचडीएमआय वायर त्याच्या लॅपटॉपला लावली आणि ''काकू, तुमचं खोटं आहे'' म्हणून आला. लॅपटॉपचं ते भोक चित्र बाहेर सोडायचं आहे, आत घ्यायचं नाही. नळाच्या तोंडातून टाकी भरत नाही. मी सांगते आहे ते नुसत्या मॉनिटरबद्दल, त्याला कॉम्प्युटर जोडायची गरजच नाही. आणि फार जुना, डीव्हीआय भोकाचा मॉनिटर असेल तर एचडीएमआयची वायर साध्या जोडणीने बसते, पण तो चित्राच्या कुलपाची, म्हणजे एचडीसीपीची, भाषा जाणणारा असला पाहिजे. नाहीतर वायर ठीक असूनही पडदा काळा राहतो.

हे सगळं जमल्यावर केबलवाल्याचा पोरगा वसुलीला आला, मॉनिटर पाहिला आणि म्हणाला, ''काकू, हे कॉम्प्युटरवर चालू आहे, याचं वेगळं कनेक्शन पडेल.'' मी त्याला बॉक्सखालचा नंबर दाखवला. पैसे या नंबरावर भरले जातात, याच नंबरावर चॅनेलं चालू होतात आणि बंद पडतात. पुढे मी टीव्ही लावते, मॉनिटर लावते की पांढरी भिंत, त्याचा हिशेबाशी संबंध काय? घरात बॉक्स एकच आहे. तो म्हणाला, ''शेठला विचारून सांगतो.'' अजून विचारतोच आहे.

दुकानदाराच्या बाजूनेही एक सांगायला हवं. ज्याच्याकडे कुठलाच बॉक्स नाही त्याच्या बाबतीत त्याचं म्हणणं खरं आहे. उपग्रहाचा ट्यूनर टीव्हीतच बसवून फुकट चॅनेलं बॉक्सशिवाय दाखवता यावीत, यासाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये मानकही काढलं आहे. तसे टीव्ही सर्रास मिळू लागले तर ट्यूनर कुठे आहे हा प्रश्न पुन्हा विचारावा लागेल. पण ज्याच्या घरी बॉक्स आहे आणि दर महिन्याला रिचार्ज होतो, त्याला 'ट्यूनर नाही' म्हणून परत पाठवणं हे एक तर अज्ञान आहे किंवा दुकानदारी. दसरा-दिवाळी जवळ आली की 'जुना द्या, नवा न्या'च्या जाहिराती येतात, तेव्हा ती बहुधा दुकानदारीच असते.

माझी मागणी मोठी नाही. मुंबईतल्या केबल कंपन्यांनी बॉक्ससोबत एक मराठी कागद द्यावा: मागचं कुठलं भोक कशाचं, चित्र आलं नाही तर माप कुठे बदलायचं, आणि हा बॉक्स मॉनिटरला लागतो की नाही. बॉक्स लावायला येणाऱ्या मुलाच्या पिशवीत एक एचडीएमआयची वायर असावी आणि बॉक्स सोडून जाण्याआधी त्याने समोरचा पडदा बघून माप लावून द्यावं. दोन मिनिटांचं काम आहे. ट्रायने, म्हणजे केबल-टेलिफोनवर देखरेख करणाऱ्या सरकारी नियामकाने, एप्रिल २०२० मध्ये शिफारस केली होती की एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीच्या सेवेलाही चालावा. ते अजून आमच्या चाळीपर्यंत पोचलेलं नाही, त्यामुळे कंपनी बदलली की चांगला बॉक्स कपाटावर जातो. आमच्या कपाटावर असे दोन आहेत. त्यांच्या शेजारी मॉनिटरही जाऊ नये, एवढंच म्हणणं आहे.

गणपतीचं म्हणाल तर, अनंत चतुर्दशीला मिरवणूक निघाली तेव्हा बावीस इंची मॉनिटर सासूबाईंच्या पलंगासमोर स्टुलावर होता. त्याला टीव्ही म्हणायला त्या अजून तयार नाहीत. खिडकीतून ताशा ऐकू आला तशा म्हणाल्या, ''अगं, कॉम्प्युटर लाव, आत्ता येईल.''

आपली नम्र,
एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर,
लालबाग, मुंबई